आत्यानं पास केलेलं मशीन

माझी आत्या एकोणचाळीस वर्षं पंख्यांच्या कारखान्यात होती. तिच्या कामाचं नाव होतं अंतिम तपासणी. पंखा जोडून झाला, रंग वाळला, की तो तिच्या टेबलावर यायचा आणि आत्या ‘पास’ म्हणाली तरच खोक्यात जायचा. नाहीतर त्याला लाल चिठ्ठी लागायची आणि तो आल्या वाटेनं परत. मोठे मोठे इंजिनियर तिच्या लाल चिठ्ठीला वचकून असायचे. त्या चिठ्ठीवर ती कारण एकाच शब्दात लिहायची. ‘डुगडुगतो.’ ‘कण्हतो.’ एकदा तिनं नुसतंच ‘उद्धट’ लिहिलं होतं. तो पंखा सुरू करताना धक्का देतो, असं नंतर निघालं म्हणे.

एकोणिसाव्या वर्षी ती कामाला लागली तेव्हा खोकी बांधायच्या विभागात होती. तिसऱ्या का चौथ्या आठवड्यात तिनं एक बांधलेलं खोकं उचललं आणि गाडीवर चढवायच्या ऐवजी बाजूला ठेवलं. फोरमन ओरडला, “काय झालं? का थांबवलंस?”

“हलकं लागतंय.”

“किती हलकं?”

“एका नटबोल्टाइतकं.”

सगळे हसले. फोरमननं खोकं फोडलं ते तिला तोंडावर पाडायलाच, आणि निघालं काय, तर पंखा जिथं छताला अडकतो तिथला बोल्टच घातलेला नव्हता. फोरमननं खिशातून तसाच एक बोल्ट काढून घातला. दुसऱ्या दिवशी आत्याला तपासणीच्या टेबलावर बसवलं. पुढे निवृत्तीपर्यंत ती तिथून हलली नाही.

आजोबांना तिचं कारखान्यात जाणं पसंत नव्हतं. माझे बाबा तेव्हा नुकते सुतारकामाला लागले होते. बहिणीची कामाची पाळी इतकी लवकरची, की त्या वेळी रस्त्यावर बस नसायची. बाबा तिला सायकलवर डबलसीट फाटकापर्यंत सोडायचे आणि मग उलट्या दिशेला आपल्या कामावर जायचे. सहा महिने. आजोबांशी वाद घालायच्या भानगडीत ते पडले नाहीत, रोज सकाळी सायकल काढून दारात उभे राहायचे. आत्या आजही सांगते, “दादाची सायकल नसती तर मी घरातली भांडीच तपासत बसले असते.”

लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, “नमुने बरेच आले. पास एकही झाला नाही.”

आमच्या घरी ती आली की सगळ्या वस्तू जरा सावरून बसायच्या, असं आई गमतीनं म्हणायची. खुर्चीवर बसायच्या आधी आत्या तिला दोन्ही हातांनी हलवून बघणार. कुकरच्या दांड्याचा स्क्रू नखानं चाचपणार. मी पहिल्या पगारातून घेतलेली पर्स तिनं हातात घेतली, पट्टा जिथं शिवलेला असतो तिथं एक झटका दिला, आणि शिवण उसवली. मी रडकुंडीला आले. ती म्हणाली, “आत्ता उसवली ते बरं झालं. रस्त्यात उसवली असती तर?” आणि संध्याकाळी स्वतः जाड दोऱ्यानं शिवून आणून दिली. ती पर्स मी अकरा वर्षं वापरली.

आई गेल्यावर बाबा आणि मी दोघंच उरलो. मी शाळेच्या वाचनालयात काम करते. आत्या दोन गल्ल्या सोडून राहते, दर रविवारी येते. सगळं तसं मार्गी लागलं होतं. मग बाबांचा श्वास बिघडला.

चाळीस वर्षं लाकडाचा बारीक भुसा नाकातोंडात गेलेला, त्याचा हिशेब छातीनं आता मांडला. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. बाबा पहिल्या मजल्यावर थांबायचे आणि खिडकीतून खाली काहीतरी बघतोय असं दाखवायचे. एक वाक्य बोलायला त्यांना दोन श्वास लागायला लागले. त्यातच समोरची इमारत पाडायला घेतली. दिवसभर सिमेंटची धूळ उडायची, खिडकी बंद केली तरी कुठून तरी आत यायचीच.

डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, “फुफ्फुसं काही नवी मिळणार नाहीत. आहेत ती सांभाळायची. औषध ओढायचं, धुळीत जायचं नाही, आणि यांच्या खोलीत एक चांगला एअर प्युरिफायर लावा.”

“चांगला म्हणजे कुठला?”

“ते मला नका विचारू. मी फुफ्फुसं तपासतो, मशीन नाही.”

मशीन तपासणारं माणूस तर आमच्या घरातच होतं. पण ते मला लगेच सुचलं नाही. मी दोन दिवस मोबाइल घेऊन बसले. प्रत्येक मशीनला भरपूर तारे होते आणि प्रत्येकाखाली कुणीतरी लिहिलेलं होतंच, की तिसऱ्या महिन्यात बंद पडलं. शेवटी एक पसंत केलं. फुलदाणीसारखं उभं, पांढरं शुभ्र, वरती निळा दिवा. रविवारी आत्याला फोटो दाखवला.

तिनं चष्मा लावला, फोटो मोठा केला, छोटा केला. “वजन किती याचं?”

“वजन कशाला बघायचं, आत्या? एका जागी तर ठेवायचंय.”

“मोटर लोखंडाची असते आणि तांब्याची. हवा ओढायला मोटर लागते. सांग आता, वजन कशाला बघायचं.” मोबाइल तिनं मला परत दिला. “फोटोला हात लावता येत नाही, बाई. उद्या दुकानात जाऊ.”

दुकान मोठं होतं. आत शिरल्यावर डाव्या भिंतीवर पंधरा-वीस टीव्ही, सगळ्यांवर एकच धबधबा कोसळत होता, आणि त्याचा आवाजही तितकाच. तिथला सेल्समन चाळिशीच्या पुढचा, गळ्यात टाय, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत उभा. त्यानं आम्हाला बघितलं आणि पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली. आत्यानं कापडी पिशवीतून वस्तू काढून काउंटरवर मांडल्या. एक छोटी बॅटरी, एक लाकडी पेन्सिल, पातळ कागदाची एक पट्टी. सेल्समनचं बोलणं हळूहळू थांबलं.

“आधी याचं मागचं झाकण काढा,” ती म्हणाली.

“मॅडम, यात हवा किती खराब आहे ते आकड्यात दिसतं. शिवाय अ‍ॅप आहे, तुम्ही बाहेर असलात तरी...”

“दाखवा की. झाकण काढून दाखवा.”

त्यानं माझ्या पसंतीच्या त्या फुलदाणीचं झाकण काढलं. आत्यानं ते घेतलं आणि लावलं, काढलं, लावलं, काढलं. दहा वेळा. दहाव्या वेळी त्याची प्लास्टिकची कडी पांढरी पडली होती, वाकवलेलं प्लास्टिक पडतं तशी.

“जाळी पुसायला हे झाकण दर पंधरा दिवसांनी उघडायचं,” ती म्हणाली. “वर्षभर टिकेल का?”

मग तिनं जाळीमागची गाळणी बाहेर काढली. जाड कागदाच्या बारीक घड्या घातलेली ती चौकोनी गाळणी, जी धूळ अडवते. आत बॅटरी पेटवून ठेवली, गाळणी पुन्हा बसवली, माझी ओढणी मागून घेतली आणि ती मशीनवर आणि स्वतःच्या डोक्यावर घेऊन आत बघत बसली. जुन्या फोटोग्राफरसारखी. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. मला कुठं तोंड लपवू असं झालं, आणि लपवायची ओढणी तर तिच्याकडे.

“ये, बघ,” तिनं बोलावलं.

मी ओढणीखाली शिरले. गाळणीच्या चारी बाजूंनी उजेडाची रेघ दिसत होती.

“उजेड येतो तिथनं हवा येते. एवढी जागा शेजारून जायला मोकळी असताना ती घड्यांमधनं कशाला जाईल? अर्धी हवा गाळल्याशिवायच खोलीत परत.” ओढणी काढून ती सेल्समनला म्हणाली, “अ‍ॅपनं ही फट बुजते का?”

त्यानं पाठ केलेलं बोलणं त्यानंतर बंद केलं, हे मला आठवतंय.

पुढचा दीड तास असाच गेला. एक मशीन चांगलं जड होतं, गाळणीही घट्ट. पण दहा मिनिटं चालवल्यावर गरम प्लास्टिकचा वास यायला लागला. आत्यानं नाक मुरडलं. “हवा साफ करायला आणायचं, आणि याचाच वास साफ करायला दुसरं आणायचं?” आणखी एकाची वायर तिनं मुळाशी धरून ओढली तर ती बोटभर आत-बाहेर झाली. ते तिनं उघडूनही बघितलं नाही. तिच्या मते वायर ज्याला नीट धरता येत नाही त्याचं बाकीचं बघण्यात वेळ घालवायचा नाही. एकावर तिनं पाण्याचा ग्लास ठेवायला लावला आणि वेग वाढवत नेला. पाण्यावर बारीक वर्तुळं उठली. “पातं तोललेलं नाही,” म्हणाली. सेल्समन वाकून त्या वर्तुळांकडे बघत राहिला.

“नऊ वर्षं मी हे विकतोय,” तो म्हणाला. “असं कुणी बघितलं नाही.”

मग तोच म्हणाला, “कोपऱ्यात एक आहे. दिसायला काही खास नाही, म्हणून कुणी घेत नाही.”

ते राखाडी होतं, बुटकं, बैठ्या स्टुलासारखं. दिवा एकच, तोही मिणमिणता. आत्यानं उचलून बघितलं आणि तिच्या भुवया वर गेल्या. झाकण उघडलं. गाळणीच्या चारी बाजूंना जाड स्पंजची पट्टी होती. ती दाबूनच आत जात होती आणि ओढूनच बाहेर येत होती. कागदाची पट्टी फटीत घालायचा प्रयत्न केला, ती शिरलीच नाही. स्क्रू पितळेच्या नटांत बसत होते, नुसत्या प्लास्टिकमध्ये नाही. मोटरखाली रबराचे पाय. ओढणीखाली काळाकुट्ट अंधार.

“याची गाळणी चार वर्षांनी मिळेल का?”

सेल्समननं क्षणभर विचार केला. “सांगता येत नाही. यांच्या आठ वर्षांपूर्वीच्या मशीनच्या गाळण्या अजून मिळतात, एवढं मला माहीत आहे.”

“बरं झालं, ‘सांगता येत नाही’ म्हणालात,” आत्या म्हणाली. “आता तुमचं बाकीचंही खरं धरते.”

बघायला ठेवलेला नग तिला नको होता. घरी नेणार तोच तपासणार. त्यानं बंद खोकं आणून फोडलं. तिनं सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. शेवटी मशीन सुरू करून पेन्सिलीचं एक टोक दातांत धरलं, दुसरं मशीनच्या अंगाला टेकवलं, आणि डोळे मिटले. ही तिची कारखान्यातली जुनी सवय असेल असं मला वाटलं.

“मोटर छान आहे,” तिनं पेन्सिल काढली. “तुला कसा वाटतो गं आवाज?”

माझ्या मोबाइलवर शाळेतून निरोप आला होता, कुठल्या कपाटाची किल्ली कुठं आहे म्हणून. मी उत्तर टाइप करत होते. “छान आहे.”

“नीट ऐक.”

“छान आहे गं, आत्या.”

धबधबा कोसळतच होता. आत्यानं मान हलवली. “पास.”

घरी बाबांनी मशीनवरून हात फिरवला. “सांधे बरे जुळवलेत,” म्हणाले. सुताराकडून याहून मोठी शाबासकी नसते. मशीन त्यांच्या पलंगाजवळ ठेवलं. मी सकाळी शाळेत जाई, दुपारी परत येई. रविवारी आत्या यायची तेव्हा मशीन सुरू असायचं आणि ती त्याच्या डोक्यावर हात ठेवून बघायची, तापलंय का म्हणून, एखाद्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा.

पण खोकला होता तसाच राहिला. दोन आठवडे झाले, तीन झाले. डॉक्टर म्हणाले, वेळ लागतो. मीही तेच मनाशी म्हणत राहिले.

पाचव्या रविवारी आत्यानं जाळी पुसायला म्हणून झाकण उघडलं, या वेळी गाळणीही बाहेर काढली, आणि तशीच उभी राहिली. मी चहा घेऊन आले तरी उभी. गाळणी तिच्या हातात होती आणि ती पांढरी होती. दुकानातून आणली तेव्हा होती तेवढीच. तिनं खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. ते बोट तिनं गाळणीशेजारी धरलं.

“दादा, हे मशीन चालत नाही.”

“चाललंय की. आत्ताच तर तू बंद केलंस.”

“मी येते तेव्हा चालतं. एरवी तू बंद ठेवतोस.”

बाबांनी नजर चादरीकडे वळवली. चादरीवरची नसलेली सुरकुती काढायला लागले. मग म्हणाले, “शिट्टी येते त्यातनं, चिमे. बारीक. कानात चिलट शिरल्यासारखी. पेपर वाचू देत नाही, डोळा लागू देत नाही. डोकं भणभणतं.”

‘चिमी’ हे त्यांनी तिला लहानपणी दिलेलं नाव. तिला या नावानं हाक मारणारं जगात ते एकटेच उरलेत.

आत्यानं मशीन सुरू केलं. खिडकी बंदच होती, रविवार म्हणून समोरचं पाडकामही बंद होतं. ती मशीनजवळ गुडघ्यांवर बसली, कान टेकवला, दुसरा कान टेकवला.

“मला नाही येत ऐकू.” मग माझ्याकडे वळली. “तुला?”

मी त्या खोलीत अशी स्वस्थ कधी उभीच राहिले नव्हते. औषध द्यायला जायचे, कपडे ठेवायला जायचे, मशीन सुरू आहे का हेही बघायचे नाही. आता उभी राहिले आणि आलं ऐकू. सुईच्या टोकाइतकं बारीक, पण थांबत नव्हतं.

“येतं, आत्या,” मी म्हणाले. दुकानातलं ‘छान आहे गं’ मला आठवलं.

आत्या पलंगाच्या कडेवर बसली. मग बोलली ती स्वतःच्या हातांकडे बघत. बारीक आवाज तिला सात-आठ वर्षांपासून ऐकू येत नव्हते. आधी चिमण्या गेल्या. मग फोनची घंटा. तिला वाटलं, फोनच बिघडला. एकोणचाळीस वर्षं मोटरींच्या शेजारी बसून कान झिजले होते. नोकरीची शेवटची चार वर्षं तिनं बोटांवर आणि दातांतल्या पेन्सिलीवर काढली. मोटरची घरघर अशी हाडातून कळायची, पण शिट्टी कळायची नाही.

“कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर टेबल गेलं असतं. आणि टेबल गेलं असतं तर मी कोण?” तिनं नाक पुसलं. “त्या चार वर्षांत मी पास केलेले किती पंखे लोकांच्या डोक्यावर शिट्ट्या मारत असतील, देव जाणे.”

“शिट्ट्याच मारत असतील ना?” बाबा म्हणाले. “पडत तर नसतील?”

आत्या हसली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले.

“पण तू सांगितलं का नाहीस, दादा? पाच आठवडे धूळ खात बसलास!”

“तू पास केलेलं,” बाबा म्हणाले. मध्ये थांबून श्वास घेतला. “मी कसं नापास करू?”

मी चहा पुन्हा गरम करायला गेले. खरं तर तिथून निघायला काहीतरी निमित्त हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, मशीन मी घेऊन जाते, तू नको येऊस. आत्या ऐकेना. “चूक माझ्या टेबलावरनं गेलीय,” म्हणाली. रिक्षात तिनं खोकं मांडीवर धरलं होतं.

तोच सेल्समन होता. आत्यानं काही आडपडदा ठेवला नाही. “मागच्या वेळी मी एक गोष्ट लपवली तुमच्यापासून. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. या मशीनला शिट्टी आहे. माझ्या भावाला त्रास होतो.”

त्यानं पावती बघितली. बदलून द्यायची मुदत संपून पाच दिवस झाले होते. ते त्याला दिसलं हे मलाही दिसलं. पण त्यानं पावतीची घडी घातली, खोकं उचललं आणि म्हणाला, “मागे या. इथं टीव्हीच्या गोंगाटात काय ऐकू येणार?”

दुकानामागच्या गोदामात त्यानं दार लावून घेतलं, मशीन लावलं आणि मान कलती करून ऐकलं. “आहे,” म्हणाला. “कमी वेगावर आहे. वाढवलं की जाते, पण तेवढ्या वाऱ्यात झोपणार कोण?” मग आम्ही काही न मागता त्यानं तशाच मशीनची आणखी दोन खोकी खाली काढली. दुसऱ्यातही शिट्टी होती, थोडी कमी. तिसरं सुरू केलं आणि तो बराच वेळ डोळे मिटून उभा राहिला. नुसती वाऱ्याची सळसळ.

“हे बघा,” तो म्हणाला. “एकाच साच्यातली तिन्ही भावंडं, आणि स्वभाव बघा.”

“मीही ऐकलं,” मी म्हणाले. या वेळी मोबाइल पिशवीत होता. “शिट्टी नाही.”

आत्यानं तिसऱ्या मशीनचं झाकण, गाळणी, वायर, सगळं हातानं तपासलं. बॅटरी मी धरली. शेवटी पेन्सिल दातांत धरून तिनं मोटर बघितली आणि आम्हा दोघांकडे पाहिलं. आम्ही दोघांनी मान हलवल्यावरच ती ‘पास’ म्हणाली.

मालकाला काय सांगायचं ते सेल्समननंच सांगितलं. मी फक्त काचेतून बघत होते. मालकानं आधी नकार दिला, मग सेल्समन त्यांना हाताला धरून गोदामात घेऊन गेला, आणि बाहेर आले तेव्हा मालक कान चोळत होते. मशीन बदलून मिळालं.

निघताना तो आत्याला म्हणाला, “माझे वडील छापखान्यात होते. यंत्रांच्या आवाजानं कान गेले. शेवटपर्यंत कबूल केलं नाही त्यांनी. आम्ही ओरडून बोलायचो आणि ते म्हणायचे, ओरडता कशाला? पुढे पुढे आम्ही बोलणंच कमी केलं.” तो पुन्हा एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. “तुम्ही कानांचं बघा, मॅडम. आता चांगली मशीन निघालीत त्याचीही.”

घर आल्यावर आत्या म्हणाली, “त्या माणसाला मी पहिल्या दिवशी बोलबच्चन समजले होते.”

तिसरं मशीन बाबांच्या पलंगाशी दिवसरात्र चालायला लागलं. महिन्यानं आत्यानं गाळणी काढली तर ती राखाडी पडली होती. तिला इतका आनंद झाला की ती शेजारच्यांना दाखवून आली. “बघ दादा, हे तुझ्या छातीत गेलं असतं!” बाबा म्हणाले, “मग आता त्याला माझ्या शेजारी धरू नकोस.” आणि हे सबंध वाक्य त्यांनी एका श्वासात म्हटलं. औषधं सुरूच आहेत, आजार गेलेला नाही, जाणारही नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलंय. पण सकाळचा खोकला निम्म्यावर आला. झोप लागते. मला तेवढं पुष्कळ आहे.

कानाच्या डॉक्टरांकडे आत्या माझ्याबरोबर आली. तिथल्या बाईंनी तीन यंत्रं दाखवली. आत्यानं प्रत्येकाचं सेल बदलायचं इवलंसं दार दहा दहा वेळा उघडून मिटून बघितलं. दोन नापास झाली. तिसरं कानात घालून ती घरी गेली आणि तासाभरानं तिचा फोन आला.

“अगं, माझा नळ गळतोय!”

“कधीपासून?”

“मला काय माहीत? सात-आठ वर्षं असेल! आणि कपाटाचं दार कण्हतंय. फ्रिज तर सारखा बडबडतो. एवढं सगळं घर बोलत होतं आणि मी बाई एकटीच राहते असं समजत होते.”

पुढच्या आठवड्यात ती दुकानात गेली ती काही विकत घ्यायला नाही. कारखान्यात उभं राहायची पाळी असली की ती पायाखाली जाड रबराची चटई टाकायची. तसलीच एक तिनं कापून, कडा घासून नेली होती. “दिवसभर उभं राहणाऱ्याच्या टाचांचं मला माहीत आहे,” ती सेल्समनला म्हणाली. तो नको नको म्हणाला, मग उभा राहिला त्यावर, आणि म्हणाला, “अरे वा.” एवढंच. पण मालकासमोर त्यानं ती काउंटरमागे पसरली.

आता आमच्या इमारतीतले लोक मशीन घ्यायचं म्हटलं की आत्याला बरोबर नेतात. तीही जाते. कानात यंत्र असलं तरी गर्दीत सगळं कळत नाही, म्हणून आधीच सांगते, “हाताचं काम माझं, कानाचं तुमचं. मोबाइल पिशवीत ठेवा.” हे म्हणताना ती माझ्याकडे बघत नाही, हा तिचा मोठेपणा. आणि खोकं फोडून, गोदामाचं दार लावून, त्यातलाच नग चालवून दाखवायला तो सेल्समन आता न सांगता उठतो.

मी कुणाकुणाचे आभार मानू? सायकल काढून दारात उभ्या राहणाऱ्या बाबांचे मानू, की पावतीची घडी घालणाऱ्या त्या माणसाचे? आत्याला एकदा तसं बोलून दाखवायला गेले तर म्हणाली, “भाषण नको. जाळी पुसलीस का पंधरवड्याची?”

गेल्या महिन्यात बाबांनी एक उद्योग केला. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका सुताराचं मोकळ्या अंगणात काम चालतं. तिथं नाकाला मास्क बांधून, कापायचं काम त्याच्याकडून करवून घेऊन, त्यांनी मशीनसाठी चाकं लावलेली एक चौकट बनवली. सकाळी ते मशीन पलंगाशी, दुपारी ढकलत बाहेरच्या खोलीत, असं त्यांना करायचं होतं. रविवारी आत्या आली. तिनं चौकट पुढे ढकलली, मागे ओढली, वाकून एका कोपऱ्याशी कान नेला.

“एक चाक अडतंय, दादा. डावीकडचं मागचं.”

“नापास?”

“दुरुस्त करून परत आण.”

बाबा खूप हसले. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा ते जमिनीवर वर्तमानपत्र पसरून, चौकट उलटी करून, चाकात तेलाचे थेंब मोजून घालत बसले होते.